घर, भट्टी आणि पिझ्झा

पाककृतींच्या आजच्या पुस्तकांत घरी केलेल्या पिझ्झ्याला सामान्यतः दोन विशेषणे लावलेली आढळतात : तो 'पारंपरिक' असतो आणि तो 'पौष्टिक' असतो. इटलीतील आजीच्या हातचा, सर्व कुटुंबाने मिळून केलेला, साध्या व शुद्ध जिनसांचा असा एक मूळ पिझ्झा होता आणि दुकानातील पिझ्झा ही त्याची बिघडलेली व्यापारी आवृत्ती होय, असा या विशेषणांमागील गर्भितार्थ असतो. हा क्रम ऐतिहासिक पुराव्यावर घासून पाहिला तर तो जवळजवळ उलटा ठरतो. ज्या नेपल्स शहरात टोमॅटो घातलेला पिझ्झा रूढ झाला, तेथे तो मुळात घराबाहेरचा पदार्थ होता. ज्यांच्या घरी भट्टी नव्हती, पुष्कळांच्या घरी धड चूलही नव्हती, अशा लोकांचे ते अन्न होते. घरात त्याचा प्रवेश झाला तो विसाव्या शतकात, तोही बव्हंशी स्थलांतरितांच्या हातून. आणि 'पौष्टिक' ही पदवी त्याला ज्या संशोधनामुळे लाभली, त्या संशोधनाचा विषय मुळात दरिद्री माणसांचे अपुरे अन्न हा होता. पदार्थाच्या इतिहासात चुलीचा आणि सरपणाचा इतिहास किती मोठा असतो, याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

प्रारंभी शब्दाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुष्कळसा घोटाळा शब्दातूनच उत्पन्न झालेला आहे. 'पिझ्झा' हा शब्द लेखी स्वरूपात प्रथम आढळतो तो इ. स. ९९७ मधील, दक्षिण इटलीतील गाएता येथील एका लॅटिन लेखात. मालमत्तेच्या भाडेकराराचा हा लेख असून त्यात भाडेकरूने गाएताच्या बिशपला नाताळच्या दिवशी बारा व ईस्टरच्या दिवशी बारा पिझ्झे द्यावेत अशी अट आहे. या पिझ्झ्यांचे स्वरूप काय होते ते लेखात सांगितलेले नाही. त्यांवर टोमॅटो नव्हता एवढे मात्र निश्चित. कारण टोमॅटो हे अमेरिका खंडातील फळ असून इटालियन ग्रंथांत त्याचा उल्लेख येतो तोच मुळी सोळाव्या शतकाच्या मध्यास, मात्तिओली या वनस्पतिज्ञाच्या १५४४ च्या ग्रंथात. नेपल्समध्ये छापलेल्या पाकग्रंथात टोमॅटोच्या चटणीची कृती दिसण्यास त्यानंतरही दीडशे वर्षे जावी लागली. आंतोनिओ लातिनी याच्या १६९२ ते १६९४ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ती 'स्पॅनिश पद्धतीची' म्हणून दिलेली आहे.

गाएताच्या लेखात लक्षणीय आहे तो सणाचा संदर्भ. सणाला घरी करावयाचा पिझ्झा ही परंपरा दक्षिण इटलीत खरोखरच आहे आणि ती आजही जिवंत आहे. नेपल्समध्ये नाताळच्या आदल्या दिवशी एस्कारोल नावाची कडवट पालेभाजी, ऑलिव्ह, केपर व खारवलेले लहान मासे भरून केलेला बंद पिझ्झा घरोघर होतो; ईस्टरला अंडी, चीज व डुकराचे खारवलेले मांस भरलेला 'पिझ्झा रुस्तिका' होतो. हे पदार्थ घराचे आहेत, स्त्रियांच्या हातचे आहेत, वर्षातून एकदा-दोनदा करावयाचे आहेत. परंतु जगभर ज्याला पिझ्झा म्हणतात तो हा नव्हे. तो चपटा, उघडा, टोमॅटोचा पिझ्झा बाजाराचा आहे, पुरुषांच्या हातचा आहे आणि रोजचा आहे. एकाच नावाखाली नांदणारे हे दोन स्वतंत्र प्रवाह होत. पहिल्या प्रवाहाचे घरगुतीपण नकळत दुसऱ्याच्या नावावर चढविले गेले, यातच 'आजीच्या पिझ्झ्या'ची कथा जन्मली असावी.

ग्रामीण भागात या दोन प्रवाहांना जोडणारा एक दुवा होता, त्याचीही नोंद घेतली पाहिजे. खेड्यात पाव घरी मळला जाई, परंतु तो भाजला जाई सामायिक किंवा जमीनदाराच्या भट्टीत. नेपल्सच्या राज्यात १८०६ मध्ये सरंजामी हक्क कायद्याने रद्द होईपर्यंत कित्येक ठिकाणी भट्टी ही सरदाराच्या मक्तेदारीतील वस्तू होती आणि तिच्या वापराचा मोबदला द्यावा लागे. भट्टी पेटली की पाव आत सारण्यापूर्वी मळलेल्या पिठाचा एक लहानसा तुकडा चपटा करून आत टाकावयाचा व त्यावरून उष्णतेचा अंदाज घ्यावयाचा, ही पद्धत युरोपच्या अनेक भागांत होती. तो तुकडा पाव होईपर्यंत भुकेने ताटकळलेल्या मुलांच्या वाट्यास जाई. तेल-मीठ लावलेल्या या चकतीस कोणी घरच्या पिझ्झ्याचा पूर्वज म्हणू इच्छीत असेल तर त्यास फारशी हरकत घेता येणार नाही. मात्र त्या चकतीलाही घराबाहेरच्या भट्टीची गरज होती, हे विसरता येत नाही.

नेपल्स शहरात ही गरज अधिकच तीव्र होती. १८०० च्या सुमारास चार लाखांच्या आसपास वस्ती असलेले हे शहर युरोपातील सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होते. त्यातील गरीब वर्ग 'बास्सो' नावाच्या तळमजल्यावरील खोल्यांतून राहत असे. एक खोली, रस्त्याकडे उघडणारे एक दार, बहुधा खिडकी नाही, आणि तीत संपूर्ण कुटुंब. अशा खोलीत पावाची भट्टी असणे अशक्य होते. एका पिझ्झ्यासाठी मोठी भट्टी तापविणे कोणत्याही कुटुंबास परवडणारे नव्हते. शंभर पिझ्झ्यांसाठी तापविणे व्यापाऱ्यास परवडत होते. नेपल्समधील गरिबाने शिजविलेले अन्न रस्त्यावर विकत घेऊन खाण्याचे कारण आळस किंवा चैन हे नव्हते. ते कारण सरपणाच्या हिशेबात होते. शेवयांसारखी मॅकरोनी जशी रस्त्यावर उकळत्या कढईतून विकली जाई, तसाच पिझ्झा विकला जाई. आंतोनिओ मात्तोत्सी यांनी नेपल्समधील दप्तरांच्या आधारे पिझ्झाविक्रेत्यांचा जो इतिहास लिहिला आहे, त्यावरून १८०७ साली शहरात अशी पन्नासाच्या आसपास दुकाने होती असे दिसते. हा धंदा भरभराटीचा नव्हता. अत्यल्प भांडवलावर चालणारा, उधारीत बुडणारा असा तो होता.

या पिझ्झ्याचे सर्वांत प्रसिद्ध जुने वर्णन एका परकीयाचे आहे. फ्रेंच कादंबरीकार आलेक्सांद्र द्यूमा हा १८३५ मध्ये नेपल्सला गेला होता व त्या प्रवासाचा वृत्तांत त्याने १८४३ मध्ये 'ल कॉरिकोलो' या नावाने प्रसिद्ध केला. नेपल्सचा कंगाल मनुष्य हिवाळ्यात पिझ्झ्यावर व उन्हाळ्यात कलिंगडावर जगतो, असे त्याचे म्हणणे. द्यूमाला अतिशयोक्तीची आवड होती, तेव्हा हे विधान जसेच्या तसे घेण्याचे कारण नाही. परंतु त्याने दिलेल्या तपशिलात पुष्कळ तथ्य आहे. तेल, डुकराची चरबी, चीज, टोमॅटो, लहान मासे असे पिझ्झ्याचे प्रकार तो सांगतो. या जिनसांचा बाजारभाव चढला-उतरला की पिझ्झ्याचा भाव चढतो-उतरतो, म्हणून पिझ्झा हा बाजाराचा मापकच होय, असेही तो नमूद करतो. शिळा पिझ्झा स्वस्त मिळे. शिवाय आज खावा व आठ दिवसांनी पैसे द्यावेत अशी उधारीची रीतही होती.

कुटुंबाच्या दृष्टीने द्यूमाचे एक वाक्य विशेष मोलाचे आहे. दोन लिआर्डांचा पिझ्झा एका माणसाला पुरतो आणि दोन सूंच्या पिझ्झ्यावर संपूर्ण कुटुंबाला भागवावे लागते, असे तो लिहितो. एका सूचे चार लिआर्ड होत असत. म्हणजे कुटुंबाच्या वाट्याला येणारा पिझ्झा हा किमतीच्या मानाने चार माणसांपुरता होता. नेपल्समधील गरीब कुटुंबात चारच माणसे असत असे मानण्यास आधार नाही. पिझ्झ्याभोवती जमलेल्या कुटुंबाचे हे कदाचित सर्वांत जुने लेखी चित्र असेल, आणि त्यात कोणीही पीठ मळीत नाही. विकत आणलेल्या एका चकतीची वाटणी मात्र चाललेली आहे.

फ्रांचेस्को दे बूर्कार याने १८५३ पासून संपादित केलेल्या नेपल्सच्या चालीरीतींवरील ग्रंथात एमानुएले रोक्को याचा पिझ्झाविक्रेत्यावर एक लेख आहे. त्यात बॅझिलची पाने व मोझ्झारेल्लाचे काप यांचाही उल्लेख येतो. माटिल्डे सेराओ हिचे 'इल व्हेंत्रे दि नापोली', म्हणजे 'नेपल्सचे उदर', हे पुस्तक १८८४ चे आहे, आणि त्याला तत्कालीन आपत्तीची पार्श्वभूमी आहे. त्या वर्षी नेपल्स शहरात पटकीने सुमारे सात हजार माणसे दगावली आणि पुढल्याच वर्षी दाट वस्त्या पाडून शहराची पुनर्रचना करण्याचा कायदा झाला. वस्ती पाडून दारिद्र्य हटत नाही, हे राज्यकर्त्यांना पटवून देण्यासाठी सेराओने लोक काय खातात याचा जमाखर्च मांडला. एका सोल्दोस मिळणारा पिझ्झ्याचा तुकडा त्या जमाखर्चातील पहिल्या बाबींपैकी आहे. तिच्या लेखणीतील पिझ्झा करपलेला पण न शिजलेला, जड, जवळजवळ कच्च्या टोमॅटोने लादलेला असा आहे. मुले तो पत्र्याच्या तबकात घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर विकतात. नेपल्सच्या एका उद्योजकाने रोममध्ये पिझ्झ्याचे दुकान काढून पाहिले व ते थोड्याच काळात बुडाले, हेही तीच सांगते. 'पिनोक्कियो'चा कर्ता कार्लो कोल्लोदी याने तर त्याच दशकात मुलांसाठी लिहिलेल्या प्रवासवर्णनात पिझ्झ्याच्या रंगमिश्रणाला घाणीची उपमा दिली. तो फ्लॉरेन्सचा, इटलीचे एकीकरण होऊन वीस-पंचवीस वर्षे झाली होती, तरी उत्तरेकडील सुशिक्षिताला दक्षिणेकडील गरिबाचे अन्न इतके परके वाटत होते.

या ठिकाणी राणी मार्गेरिताची कथा सांगण्याचा प्रघात आहे. १८८९ मध्ये नेपल्समध्ये असताना राणीसाठी राफाएले एस्पोझितो याने टोमॅटो, मोझ्झारेल्ला व बॅझिल यांचा, म्हणजे राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांचा पिझ्झा केला व राणीचे नाव त्यास मिळाले, अशी ती कथा होय. राजगृहाच्या भोजनव्यवस्थेचा प्रमुख कामिल्लो गाल्ली याचे ११ जून १८८९ चे आभारपत्र तिचा आधार म्हणून दाखविले जाते. झॅकरी नोवाक यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिकित्सेत या पत्राचा शिक्का, अक्षर व एकंदर स्वरूप यांविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या असून पत्र मागाहून बनविलेले असावे असे मत दिले आहे. रोक्कोच्या लेखात मोझ्झारेल्ला व बॅझिल तीस वर्षे आधीच येऊन गेलेली आहेत, तेव्हा पदार्थाच्या नवेपणाचा दावा तसाही टिकत नाही. तथापि कथा खरी मानली तरी तिचा रोख पाहण्यासारखा आहे. पिझ्झ्याला प्रतिष्ठा हवी झाली तेव्हा त्याला राजवाड्यात नेण्यात आले. त्याला मध्यमवर्गीय घराच्या स्वयंपाकघरात न्यावे, असे कोणास सुचले नाही.

या स्वयंपाकघराची साक्ष त्याच सुमारास उपलब्ध होते आणि ती निर्णायक आहे. पेल्लेग्रिनो आर्तुझी याने १८९१ मध्ये फ्लॉरेन्स येथे स्वखर्चाने छापलेला पाकग्रंथ हा इटलीतील मध्यमवर्गीय गृहिणीचा आधारग्रंथ ठरला. त्याच्या मरणापर्यंत, म्हणजे १९११ पर्यंत, त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत गेल्या. त्यात 'नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा' अशी कृती आहे. ती उघडून पाहणाऱ्यास रिकोट्टा, बदाम, साखर व अंडी घातलेला एक गोड पदार्थ आढळतो. टोमॅटो नाही, खमीर नाही. आर्तुझीला रस्त्यावरचा पिझ्झा ठाऊक नसेल असे नाही. परंतु घरात करावयाच्या पदार्थांत त्याला स्थान असू शकते ही कल्पना त्याच्या ग्रंथात नाही. घरातला पिझ्झा म्हणजे सणाचा, भरलेला, गोड किंवा तिखट पिझ्झा, हा जुना अर्थच त्याच्यासमोर होता.

मग नेपल्सच्या गरीब घरात टोमॅटोचा पिझ्झा कधीच होत नसे काय? होत असे, पण तळलेला. तळण्यास भट्टी लागत नाही. एक शेगडी व एक कढई पुरते. पिठाची गोल चकती, आत थोडे चीज किंवा चरबीचे तुकडे, आणि उकळते तेल. दुसऱ्या महायुद्धात नेपल्सवर झालेल्या बॉम्बवर्षावानंतर, जेव्हा भट्ट्या व लाकूड दोन्ही दुर्मिळ झाली, तेव्हा या प्रकाराने शहराला हात दिला. बास्सोच्या दारात बसून स्त्रिया पिझ्झे तळीत व शेजाऱ्यांना 'आज खा, आठ दिवसांनी द्या' या जुन्या बोलीवर विकीत. ज्युसेप्पे मारोत्ता याच्या १९४७ च्या कथासंग्रहावरून व्हित्तोरिओ दे सिका याने १९५४ मध्ये काढलेल्या 'लोरो दि नापोली' या चित्रपटात सोफिया लोरेनने अशीच एक पिझ्झेवाली रंगविली आहे. पिझ्झ्याच्या व्यवसायात स्त्री प्रामुख्याने दिसते ती येथेच, आणि हा पिझ्झा घरात होत असला तरी तो मुख्यतः घरासाठी नव्हता. घर आणि दुकान यांत एका उंबरठ्याचेही अंतर नसलेली ही अर्थव्यवस्था होती.

भाजलेला पिझ्झा घरात शिरला तो समुद्रापलीकडे. १८८० नंतर दक्षिण इटलीतून लक्षावधी माणसे अमेरिकेत गेली. न्यूयॉर्कमधील पहिल्या पिझ्झेरियाचा मान प्रायः गेन्नारो लोंबार्दी याला व १९०५ या वर्षाला दिला जातो. पीटर रेगास यांच्या अलीकडील शोधाने तो फिलिप्पो मिलोने याच्याकडे व काही वर्षे मागे सरकविला आहे. येथे अधिक महत्त्वाचे आहे ते घरात काय घडले हे. हासिया डायनर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, मायदेशी जे अन्न श्रीमंतांच्या पानात पाहावयास मिळे ते अमेरिकेत कामकऱ्याच्या आवाक्यात आले : पांढरा मैदा, मांस, चीज, ऑलिव्ह तेल. त्याचबरोबर एक वस्तू अशी आली की जिच्याकडे अन्नाच्या इतिहासकारांचे लक्ष कमी जाते. अमेरिकन चुलीला खाली एक बंद कप्पा असे. प्रथम कोळशावर व पुढे गॅसवर तापणारा हा ओव्हन भाड्याच्या खोलीतही असे. बास्सोमधून निघालेल्या स्त्रीच्या हाती पहिल्यांदाच स्वतःची भट्टी आली.

या भट्टीने पिझ्झ्याचा आकारच बदलला. दुकानातील पिझ्झा गोल आणि एका माणसाचा असतो, कारण दुकानाची भट्टी दीड मिनिटात एक चकती बाहेर काढते. घरच्या मंद ओव्हनमध्ये एकेक चकती भाजीत बसल्यास पहिल्याचे जेवण उरकते तेव्हा शेवटच्याचे सुरूच झालेले नसते. म्हणून घरचा पिझ्झा चौकोनी पत्र्याच्या तबकात, जाड व तेलाचा हात फिरवलेला असा झाला. तो एकदाच भाजावा, कापावा व सर्वांनी एका वेळी खावा. सिसिलीतील 'स्फिंचोने' या जाड पिझ्झ्याची सवय असलेल्यांना हे रूप परके नव्हते. कुटुंबाने एकत्र बसून खाण्याचा पिझ्झा हा अशा रीतीने तबकाचा पिझ्झा आहे, आणि त्याचे कारण भावनेइतकेच उष्णतेच्या गणितातही आहे.

भावनेचाही इतिहास असतोच. सिमोने चिनोत्तो यांनी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागातील इटालियन कुटुंबांविषयी जे लिहिले आहे, त्याचा निष्कर्ष विचार करण्यासारखा आहे. रविवारी सर्व कुटुंबाने एका मेजाभोवती जमून दीर्घकाळ जेवणे, ही जी 'इटालियन' रीत म्हणून ओळखली जाते, ती त्यांच्या मते गावाकडून जशीच्या तशी आणलेली नव्हती. १९२० व १९३० च्या दशकांत इंग्रजी शाळेत शिकलेली मुले आईबापांपासून दुरावू लागली, तेव्हा त्यांना घराशी बांधून ठेवण्याचे एक साधन म्हणून ती घडविली गेली. म्हणजे परंपरेचा आग्रह धरणारे जेवण हेच मुळात एका कौटुंबिक संघर्षाचे अपत्य होते. घरच्या पिझ्झ्याला जो आजीचा आशीर्वाद चिकटला आहे, त्याचे मूळ नेपल्सच्या गल्लीत शोधण्यापेक्षा या मेजावर शोधणे अधिक योग्य होईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील बिगर-इटालियन घरांतही पिझ्झा गेला आणि तो उद्योगधंद्याच्या हातून गेला. १९५० च्या दशकात मैदा, चटणी व चीज एका पेटीत बांधून 'घरी करावयाचा पिझ्झा' म्हणून विकला जाऊ लागला. या व्यापारातील 'शेफ बॉयार्डी' या नावामागील एत्तोरे बोइआर्दी हा जन्माने पिआचेन्साचा, म्हणजे उत्तर इटलीचा. त्याच्या बालपणी त्याच्या गावात पिझ्झ्याची परंपरा नव्हती, हा योगायोग मौजेचा आहे. १९६२ मध्ये मिनेसोटातील रोझ टोटिनो व तिचा पती यांनी गोठविलेला पिझ्झा विकण्यास प्रारंभ केला. १९७५ मध्ये तो धंदा पिल्सबरी कंपनीने विकत घेतला. घरात मळलेला, घरात जुळविलेला व घरात नुसता तापविलेला, हे तीनही पिझ्झे 'घरचे' म्हणूनच गणले गेले. खुद्द इटलीतही १९५८ ते १९६३ या आर्थिक भरभराटीच्या काळात दक्षिणेकडील मजूर तुरिन व मिलान येथे गेले, त्यांच्यामागून पिझ्झेरिया गेली, आणि त्याच वर्षांत ओव्हन असलेल्या गॅसच्या शेगड्या सामान्य घरांत पोहोचल्या. उत्तरेकडील कित्येक कुटुंबांना पिझ्झा आणि ओव्हन ही जवळजवळ एकाच वेळी भेटली.

आता पौष्टिकतेचा प्रश्न. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ आन्सेल कीज व त्यांच्या पत्नी मार्गारेट कीज हे १९५२ च्या सुमारास नेपल्सला आले. त्या शहरात हृदयविकाराचा उपद्रव फारसा नाही, असे तेथील प्राध्यापक जिनो बेर्गामी यांनी त्यांना सांगितले होते. अग्निशामक दलातील व इतर कामकऱ्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल त्यांनी मोजले. ते अमेरिकन माणसांच्या मानाने कमी निघाले. शहरातील सुखवस्तू गटाचे मात्र अधिक निघाले. पुढे १९५८ पासून सात देशांतील मोठे संशोधन चालले आणि त्यातून भूमध्य समुद्राकाठच्या आहाराची कीर्ती जगभर झाली. या कीर्तीत पिझ्झ्यानेही आपला वाटा उचलला. परंतु कीज दांपत्याने जे मोजले ते युद्धोत्तर टंचाईतील शहर होते. तेथील कामकऱ्याच्या ताटात मांस व लोणी कमी होते, ते त्याने आरोग्यविचाराने कमी केले म्हणून नव्हे. सेराओने सत्तर वर्षांपूर्वी दारिद्र्याचा पुरावा म्हणून ज्या अन्नाची यादी केली होती, तेच अन्न थोड्याफार फरकाने आरोग्याचा आदर्श म्हणून पुढे आले. दोघांचीही निरीक्षणे आपापल्या जागी खरी आहेत. अपुऱ्या अन्नाने पटकीला बळी पडणारे शरीर आणि अतिरिक्त अन्नाने हृदयविकाराला बळी पडणारे शरीर यांचे प्रश्न भिन्न असतात. २००३ मध्ये सिल्व्हानो गाल्लुस व सहकाऱ्यांनी इटलीतील रुग्णांच्या पाहणीवरून नियमित पिझ्झा खाणाऱ्यांत पचनमार्गाचे काही कर्करोग कमी आढळतात असे प्रसिद्ध केले. पिझ्झा हा केवळ एकंदर इटालियन आहाराचा निदर्शक असू शकेल, अशी सावधगिरीची सूचनाही त्यांनीच दिली होती. वृत्तपत्रांनी पहिला भाग घेतला व दुसरा सोडला.

'अस्सल' तेच आरोग्यदायी, ही समजूतही अंकांसमोर टिकत नाही. नेपल्सच्या पिझ्झ्याला युरोपीय संघाने २०१० मध्ये जे संरक्षण दिले, त्याच्या नियमात १ लिटर पाण्यास सुमारे १८०० ग्रॅम मैदा, ३ ग्रॅम यीस्ट व ५० ते ५५ ग्रॅम मीठ असे प्रमाण आहे आणि एका पिझ्झ्याचा गोळा १८० ते २५० ग्रॅमचा सांगितला आहे. हिशेब केला तर २५० ग्रॅमच्या गोळ्यात सुमारे साडेचार ग्रॅम मीठ येते. चीजमधील मीठ निराळेच. प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लक्षात घेता नियमाप्रमाणे केलेला एक मोठा पिझ्झा हा दिवसाचा कोटा जवळजवळ संपवितो. मीठ येथे केवळ चवीसाठी नसते. उबदार हवेत पीठ तासन्‌तास फुगत ठेवावयाचे तर ते खमिराचा वेग आवरते व पिठाला बळ देते. घरी रात्रभर शीतकपाटात पीठ ठेवणाऱ्यास हा आवर थंडीकडून मिळतो, म्हणून तेथे मीठ निम्म्यावर आणता येते. मैद्यात काही भाग कणीक मिसळावी, चीज बेताचे ठेवावे, भाज्या वाढवाव्यात, या गोष्टीही घरीच शक्य होतात. दीर्घकाळ आंबविल्याने कणकेच्या कोंड्यातील फायटेट कमी होऊन लोहासारखी द्रव्ये शरीरास अधिक मिळतात, हाही एक लाभ होय. या सर्वांत पौष्टिकता आहे ती परंपरेपासून दूर गेल्यामुळे आहे, एवढेच ध्यानात घ्यावयाचे.

दूर जाणे अपरिहार्यही आहे. वरील नियमाप्रमाणे पिझ्झा लाकडाच्या भट्टीत सुमारे ४८५ अंश सेल्सिअसला ६० ते ९० सेकंद भाजावयाचा असतो. घरचा ओव्हन साधारण २५० अंशांवर थांबतो. तेथे पिझ्झ्याला आठ-दहा मिनिटे लागतात, तेवढ्यात पिठातील पाणी उडून कडा वाळतात. म्हणून घरच्या कृतीत पिठात तेल आले, जाडी आली, तापविलेला दगड किंवा लोखंडी पत्रा आला. नियमाने पिठात स्निग्ध पदार्थ वर्ज्य आहे. घराने तो गरजेने स्वीकारला.

महाराष्ट्र व गोवा यांच्या संदर्भात हा भट्टीचा प्रश्न अपरिचित वाटू नये. गोव्यात पोर्तुगीजांमुळे आंबवलेला पाव आला, तरी तो घरात भाजला गेला नाही. माडाच्या सुरीने फुगविलेला पाव पोदेराच्या भट्टीत होई आणि सकाळ-संध्याकाळ दारावर येई. मराठी घरातील भाकरी व पोळी तव्याची. १९९६ मध्ये परदेशी पिझ्झाकंपन्यांची दुकाने भारतात निघाली, त्यानंतर पिझ्झा घरी करण्याची हौस वाढली. आणि ज्या घरात ओव्हन नव्हता तेथे बेकरीतून अर्धवट भाजलेला 'पिझ्झा बेस' आणून, त्यावर कांदा, ढोबळी मिरची व चीज पसरून, तव्यावर झाकण ठेवून तो केला जाऊ लागला. नेपल्सच्या शेगडीवरील तळलेल्या पिझ्झ्याची व या तव्यावरील पिझ्झ्याची जात एकच आहे. भट्टीचे काम बाहेर, जुळणीचे काम घरात, ही विभागणी दोन्हीकडे परिस्थितीने केली.

२०१७ च्या डिसेंबरात युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. मानपत्र कारागिराच्या कलेला मिळाले, दुकानाच्या भट्टीभोवतीच्या विद्येला मिळाले. त्यानंतर अवघ्या सव्वादोन वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीमुळे इटलीतील भोजनगृहे बंद झाली. कांपानिया प्रांतात, म्हणजे प्रत्यक्ष नेपल्समध्ये, तयार अन्न घरपोच देण्यासही मनाई होती. देशभर दुकानांतून मैदा व यीस्ट मिळेनासे झाले, कारण घरोघर पाव आणि पिझ्झा होऊ लागला होता. ज्या शहरात पिझ्झा घराबाहेरच होत असे, तेथील कुटुंबांनी कित्येक आठवडे तो स्वतःच्या ओव्हनमध्ये, तबकात पसरून भाजला. २७ एप्रिल रोजी घरपोच विक्रीला परवानगी मिळाली आणि शहरातील लाकडाच्या भट्ट्या पुन्हा पेटविण्यात आल्या.